कुरूप विमानांचें औचित्य

रूपाविषयीं निर्णय देण्याची घाई डोळ्याइतकी दुसऱ्या कोणत्याहि इंद्रियाला नसते. कान एखादें गाणें निदान अंतऱ्यापर्यंत ऐकून घेतो; जीभ घास घोळवून पाहते; डोळा मात्र पाहतांक्षणींच निकाल देऊन मोकळा होतो, आणि त्या निकालाचीं कारणें शोधण्याचें काम मागाहून बुद्धीच्या गळ्यांत पडतें. माणसांच्या बाबतींत हा अन्याय आपण ओळखून आहों. आठ ठिकाणीं वांकड्या झालेल्या अष्टावक्राला पाहून जनकाची सभा हंसली, आणि मग त्याची वाणी ऐकून लाजली, ही गोष्ट आपल्या घरोघर मुलांना सांगितली जाते ती त्यासाठींच. परंतु माणसाला जो न्याय आपण देऊं करतों तो माणसानें घडविलेल्या वस्तूलाहि द्यावयाचा कीं नाहीं, हा प्रश्न आपल्या मनांत सहसा उद्भवत नाहीं. माझ्या मनांत तो उद्भवला तो एका विद्यार्थ्यामुळें, आणि कांहीं अंशीं माझ्या स्वतःच्या फजितीमुळें.

विज्ञानशाखेंतील हा विद्यार्थी एके दिवशीं विमानांच्या इतिहासाचें एक सचित्र पुस्तक घेऊन माझ्या खोलींत आला. पानें उलटतां उलटतां माझी नजर एका चित्रावर थबकली. विमानाचा एक पंख डावीकडे, एक उजवीकडे, येथवर सारें यथास्थित होतें. पण मधला देह मात्र मध्यावर नव्हताच. पुढें इंजिन व मागें शेपटी असलेली एक लांब नळी डाव्या अंगाला, आणि माणसें बसण्याची कांचेची कुपी तिच्यापासून अलग, उजव्या अंगाला पंखावर बसविलेली. शेपटीच्या आडव्या फळीचा अर्धा भाग तर कोणीं करवतीनें कापून न्यावा तसा नाहींसा झालेला. मीं हंसून म्हटलें, "चित्रकाराचा हात चुकलेला दिसतो." त्यावर तो नम्रपणें म्हणाला, "सर, हें चित्र नव्हे, छायाचित्र आहे. हें विमान उडत असे. आणि चांगलें उडत असे." मग क्षणभर थांबून त्यानें पुस्ती जोडली, "कवितेला नांवें ठेवण्यापूर्वीं ती दोनदां वाचावी, असें आपणच वर्गांत सांगतां." ह्या वाक्याला त्या वेळीं माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. प्रस्तुत लेख म्हणजे तें उशिरा दिलेलें उत्तर होय.

विमानें घडविणाऱ्या व उडविणाऱ्या लोकांत एक म्हण फार दिवसांपासून रूढ आहे. तिचा आशय असा कीं, जें विमान दिसावयास नीट, तें उडावयासहि नीट. वरवर पाहतां ही एक कारागिरांची साधी समजूत वाटते. परंतु नीट पाहिलें असतां तींत सौंदर्यशास्त्राचा एक अख्खा सिद्धान्त दडलेला आहे. रूप हें गुणाचें दृश्य चिन्ह आहे आणि सुशिक्षित डोळा हा गुणाचा विश्वासू परीक्षक आहे, असा तो सिद्धान्त. तो खरा असेल तर कुरूप विमानांच्या इतिहासाला करमणुकीपलीकडे अर्थ उरत नाहीं. तो खोटा असेल तर मात्र डोळ्याच्या भरंवशावर निवाडे देणाऱ्या आपणां सर्वांनाच, मग ते विमानांचे परीक्षक असोत कीं वाङ्मयाचे, थोडें थांबून विचार करणें प्राप्त आहे.

म्हणीच्या बाजूनें जें बोलण्यासारखें आहे तें आधीं मोकळेपणानें मान्य केलें पाहिजे. आपल्या भाषेंत तर 'विमान' हा शब्दच मुळीं देवलोकांतून उतरलेला. पुष्पक विमानाची किंवा तुकोबांना न्यावयास आलेल्या वैकुंठींच्या विमानाची प्रतिमा ज्यांच्या मनांत लहानपणींच ठसलेली, त्यांना आकाशांतून जाणारी वस्तु देखणीच असावी असें वाटल्यास नवल नाहीं. पण ही केवळ भाविक अपेक्षा नव्हे. तिला शास्त्राचाहि आधार मिळाला. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराचीं विमानें म्हणजे काठ्या, तारा आणि कापड ह्यांचे सांगाडे असत. केंब्रिजचे प्राध्यापक मेल्व्हिल जोन्स ह्यांनीं १९२९ सालीं एका निबंधांत दाखवून दिलें कीं, अशा विमानांच्या इंजिनांची केवढी तरी शक्ति निव्वळ हवेंत भोंवरे उठविण्यांत वायां जाते, आणि माशासारखी किंवा पक्ष्यासारखी सलग, निमुळती आकृति साधली तर ती वांचेल. त्यानंतरच्या सहा-सात वर्षांत विमानांचें रूप पालटलें. १९३५ च्या डिसेंबरांत प्रथम उडालेलें डग्लस कंपनीचें डी. सी. ३, म्हणजे पुढें आपल्याकडे डाकोटा म्हणून ओळखलें गेलेलें विमान, ह्या पालटाचें सुपरिचित उदाहरण. तारा गेल्या, सांधे झांकले गेले, कोन गोलावले. विमान वेगवान् झालें आणि देखणेंहि झालें. सौंदर्य व उपयोग ह्यांचें असें लग्न लागलेलें पाहिल्यावर तें जन्मजन्मांतरीचें आहे असें लोकांना वाटूं लागलें, तर त्यांना दोष कसा द्यावा?

ज्या विमानांना डोळ्यानें कुरूप ठरविलें, आणि जीं खरोखरच वाईट निघालीं, अशांचीहि उणीव नाहीं. इटलीचे कॅप्रोनी हे कांहीं सामान्य गृहस्थ नव्हते. पहिल्या महायुद्धांत त्यांच्या तीन इंजिनांच्या बाँबफेकी विमानांनीं मोठें नांव मिळविलें होतें. युद्ध संपल्यावर त्यांनीं शंभर उतारूंना घेऊन अटलांटिक महासागर ओलांडील असें एक विमान रचिलें. तें 'का. ६०' ह्या नांवानें प्रसिद्ध आहे. त्याचा देह म्हणजे पाण्यावर तरंगणारें, खिडक्यांच्या रांगा असलेलें एक लांबट घर. त्या घरावर पुढें तीन पंख एकावर एक, मध्यें तीन, मागें तीन, असे एकूण नऊ पंख. आणि प्रत्येकी सुमारें चारशें अश्वशक्तीचीं आठ इंजिनें. हे पंखहि कंपनीच्या जुन्या त्रिपंखी युद्धविमानांचेच. तीन पंखांनीं इतका भार उचलला, तर नऊ पंख त्रिगुणित भार उचलतील, असा जणूं त्रैराशिकाचा हिशेब. पण हवा त्रैराशिक जाणत नाहीं. पुढच्या पंखानें खालीं ढकललेल्या हवेंतच मागच्या पंखाला काम करावें लागतें. आणि इतक्या लांबवर पसरलेला तोल संभाळणें ही वेगळीच बिकट गोष्ट. १९२१ च्या मार्चच्या ४ तारखेस माज्जोरे सरोवरावर हें धूड पाण्यापासून थोडेंसें वर उठलें, आणि नाक खालीं करून पुन्हां पाण्यावर आदळलें. वैमानिक वांचला, पण शंभर उतारूंचें स्वप्न मात्र तेथेंच बुडालें.

ह्याहून दारुण गोष्ट इंग्लंडांतील टॅरंट टेबर ह्या विमानाची. बर्लिनवर बाँब टाकण्यासाठीं योजलेलें हें त्रिपंखी विमान पुरें होण्यापूर्वींच युद्ध संपलें. त्याच्या पंखांचा पसारा १३१ फूट. मूळ योजना चार बलाढ्य इंजिनांची होती. तीं वेळेवर मिळेनात, म्हणून त्याहून लहान अशीं सहा इंजिनें घ्यावीं लागलीं. चार खालीं बसलीं. उरलेलीं दोन वरच्या दोन पंखांच्या मध्यें, जमिनीपासून खूप उंच चढविण्यांत आलीं. १९१९ च्या मे महिन्याच्या २६ तारखेस फार्नबरोच्या मैदानावर तें प्रथम धांवूं लागलें. खालच्या इंजिनांवर तें ठीक चाललें. पण वरच्या दोन इंजिनांना पूर्ण जोर देतांच, उंच उभ्या केलेल्या खांबाला शेंड्यापाशीं धक्का द्यावा तसें झालें. शेपटी वर उचलली गेली, नाक जमिनींत घुसलें, आणि दोन्ही वैमानिक प्राणांस मुकले. ह्या विमानाचें छायाचित्र आज पाहिलें तरी त्या वर टांगलेल्या इंजिनांकडे पाहून डोळा अस्वस्थ होतो. येथें डोळ्याची साक्ष खरी ठरली असें म्हणावयास हरकत नाहीं.

परंतु ह्या दोन विमानांची कुरूपता नेमकी कशांत आहे, हें तपासून पाहिलें पाहिजे. ती विचित्रपणांत नाहीं. नऊ पंख पाहण्याची आपल्याला संवय नाहीं, एवढाच त्यांचा दोष असता तर तो आपला दोष ठरला असता. त्यांचा दोष असा कीं, त्यांतील प्रत्येक भाग दुसऱ्या भागाशीं विचारविनिमय न करतां येऊन बसला आहे. एकांत जुने पंख वाढवीत नेले. दुसऱ्यांत जी वस्तु मिळाली नाहीं तिची भरपाई जेथें जागा होती तेथें केली. ही बेरजेची कुरूपता होय. वाङ्मयांतहि ती आपल्या ओळखीची आहे. एका कल्पनेनें काम भागत नाहीं म्हणून तिच्यावर दुसरी, दुसरीवर तिसरी रचणाऱ्या लेखकाची कृति अशीच थोडी उठते आणि आदळते. तेथें सुदैवानें कोणाचा प्राण जात नाहीं, एवढेंच.

आतां ज्या विमानाला मी हंसलों त्याकडे वळूं. त्याचें नांव ब्लोम उंड फॉस १४१, आणि त्याचे रचनाकार रिशार्ट फोग्ट. जर्मनीच्या हवाई खात्याला १९३७ च्या सुमारास टेहळणीसाठीं तीन माणसांचें, एका इंजिनाचें असें विमान हवें होतें, आणि मुख्य अट ही कीं आंतून चोहोंकडे स्वच्छ दिसलें पाहिजे. एका इंजिनाच्या विमानांत तें इंजिन नाकावर बसतें, आणि पाहणाऱ्याच्या नेमकें आड येतें. बहुतेकांनीं ही अडचण कांहींशी तडजोड करून सोडविली असती. फोग्ट ह्यांनीं प्रश्नच उलटा विचारला. पाहणारा आणि इंजिन ह्यांनीं एकाच ओळींत बसलेंच पाहिजे असें कोठें लिहिलें आहे? त्यांनीं माणसांना उचलून शेजारीं कांचेच्या कुपींत बसविलें. पुढें तोफ चालविणाऱ्याला मागचें आकाश मोकळें दिसावें म्हणून त्यांनीं शेपटीचा त्या बाजूचा आडवा पंखहि काढून टाकला. १९३८ च्या फेब्रुवारीच्या २५ तारखेस हें विमान उडालें, आणि पाहणाऱ्यांच्या अपेक्षेप्रमाणें तें एका अंगावर कलंडलें नाहीं.

तें कां कलंडलें नाहीं, ह्यांत ह्या सर्व विषयाचें मर्म आहे. नाकावर एकच पंखा असलेलें जें 'समतोल' विमान आपल्याला सुरेख वाटतें, तें वास्तविक समतोल नसतेंच. पंखा एका दिशेनें फिरतो म्हणून विमानाचा देह उलट दिशेनें पिळला जाऊं पाहतो. पंख्यानें मागें फेकलेली हवा सरळ न जातां मळसूत्रासारखी वळत जाते आणि उभ्या शेपटीला एकाच बाजूनें जाऊन ढकलते. म्हणून वैमानिकाला पायानें एका बाजूचें सुकाणूं दाबून धरावें लागतें, किंवा रचनाकाराला शेपटी नकळत किंचित् तिरपी बसवावी लागते. म्हणजे विषमता तेथेंहि असतेच. ती फक्त डोळ्यापासून लपविलेली असते. फोग्ट ह्यांनीं ती लपविली नाहीं. एका बाजूला कुपीचें वजन आणि अवरोध, दुसऱ्या बाजूला पंख्याचा जोर आणि त्याचा पीळ, असें हिशेबांत धरून त्यांनीं एका विषमतेनें दुसरीला तोलून धरलें. आपल्या डोळ्याला जो तोल हवा होता तो आकृतीचा. विमानाला जो हवा होता तो बलांचा. दोन्ही एकच आहेत असें मानणें ही डोळ्याची भूल. ह्या विमानाचीं तीसाहूनहि कमी नगें तयार झालीं. त्या कामासाठीं दुसऱ्या कंपनीचें दोन इंजिनांचें विमान पसंत झालें, आणि ह्या विमानाला लागणारें जोरदार इंजिन लढाऊ विमानांना हवें होतें. तेव्हां तें मागें पडलें. पण वांकडें होतें म्हणून हवेनें त्याला नाकारलें नाहीं.

ह्या कुरूपतेला मी आज्ञाधारकपणाची कुरूपता म्हणेन. बेरजेच्या कुरूपतेंत विचार कमी पडलेला असतो. येथें तो इतका पुरता झालेला असतो कीं संवयीची भीड त्यानें ठेवलेली नसते. दोन्ही पाहतांक्षणीं सारख्याच विचित्र दिसतात. डोळ्याला त्यांतील भेद कळत नाहीं. तो कळण्यासाठीं वस्तु कशासाठीं केली हें विचारावें लागतें. म्हणीचा अपुरेपणा हा असा आहे. जो डोळा नीट काय तें सांगतो, तो कालच्या यशस्वी विमानांवर पोसलेला असतो. उद्यांच्या कामाची त्याला वार्ता नसते.

तरी कोणी म्हणेल कीं, फोग्ट हे एक चमत्कारिक वृत्तीचे रचनाकार असतील. ज्याची दृष्टि खरी सौंदर्याची आहे तो असें कांहीं करणार नाहीं. ह्या आक्षेपाला आर. जे. मिचेल ह्यांच्या चरित्राइतकें समर्पक उत्तर मला दुसरें सांपडलें नाहीं. मिचेल म्हणजे स्पिटफायरचे जनक. १९३१ सालीं श्नायडर चषक जिंकणारें त्यांचें पाण्यावरचें शर्यती विमान आणि १९३६ च्या मार्चच्या ५ तारखेस प्रथम उडालेलें स्पिटफायर हीं विमानसौंदर्याचीं मानचिन्हें समजलीं जातात. स्पिटफायरचा तो लंबवर्तुळाकार पंख पाहून ज्यांना विमानांत रस नाहीं तेहि क्षणभर थांबतात. पण ह्याच मिचेलनीं, ह्याच वर्षांच्या आगेमागें, वॉलरस नांवाचें एक विमान केलें. आणि तें इतकें बेंगरूळ होतें कीं नाविकांनीं त्याला नाना टोपणनांवें दिलीं. खालीं बोटीसारखें पोट, वर दोन पंखांचा जुनाट मांडव, मधल्या खांबांवर टांगलेलें इंजिन, आणि त्याचा पंखा पुढें नसून मागें तोंड करून बसलेला. १९३३ सालीं प्रथम उडालेल्या ह्या विमानाचा वेग ताशीं सुमारें १३५ मैल. स्पिटफायरचा साडेतीनशें मैलांच्या घरांत.

परंतु त्यांतील एकेका विद्रूप वाटणाऱ्या भागाला कारण विचारलें कीं तो तात्काळ उत्तर देतो. तें युद्धनौकेवरून गोफणीसारख्या यंत्रानें फेंकलें जावयाचें, म्हणून सांगाडा दणकट. नौकेवर जागा थोडी, म्हणून पंख मागें दुमडणारे. उसळत्या समुद्रावर उतरावयाचें, म्हणून इंजिन व पंखा लाटांच्या शिंतोड्यांपासून उंच आणि मागें. पंख्याची मळसूत्री हवा शेपटीला ढकलते, म्हणून तें इंजिनहि सुमारें तीन अंश तिरपें बसविलेलें. म्हणजे फोग्ट ह्यांनीं जी विषमता धडधडीत मांडली, तीच मिचेलनीं येथें तीन अंशांत मांडली. त्या वर्षींच हेंडनच्या प्रदर्शनांत चांचणी वैमानिकानें ह्या ओबडधोबड यंत्राला आकाशांत उभी गिरकी घ्यावयास लावली, तेव्हां खुद्द मिचेल चकित झाले असें सांगतात.

खरी कसोटी मात्र प्रदर्शनांत नव्हे, दुसऱ्या महायुद्धांत इंग्लिश खाडीवर लागली. लढाईंत पडलेले वैमानिक, त्यांत देखण्या स्पिटफायरमधूनहि पडलेले, थंड पाण्यांत तरंगत असत. आणि त्यांना उचलावयास येई तें हें वॉलरस. कधीं माणसें इतकीं भरलीं जात कीं, किंवा समुद्र इतका खवळलेला असे कीं, त्याला पुन्हां उडतांच येत नसे. मग तें बोटीसारखें पाण्यावरून रखडत किनारा गांठी. अशा रीतीनें शेंकडों वैमानिकांचे प्राण वांचले; त्यांत शत्रूचेहि होते. पाण्यांत गारठत पडलेल्या माणसाला वरून येणारें तें बेंगरूळ धूड कसें दिसलें असेल, ह्याची कल्पना ज्याला करतां येते, त्याला सौंदर्य पाहणाराच्या गरजेपासून किती थोडें अलग असतें, हें वेगळें सांगावयास नको. मिचेल स्वतः १९३७ च्या जूनमध्यें, वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षीं वारले. त्यांच्या दोन अपत्यांपैकीं एकानें दुसऱ्याच्या स्वारांना पाण्यांतून काढलेलें पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें.

एकाच हातानें सुंदर आणि कुरूप अशा दोन्ही वस्तु घडाव्या, ह्याचा अर्थ काय? तो हात एकदां जागा होता आणि एकदां झोंपला होता, असा तर खासच नव्हे. अर्थ इतकाच कीं, दोन्ही वेळीं त्यानें एकच गोष्ट केली: कामाला काय हवें तें विचारलें. एका कामानें सुंदर उत्तर दिलें, दुसऱ्यानें कुरूप. स्पिटफायरचें सौंदर्य हें मिचेल ह्यांचें ध्येय नव्हतें. ती त्यांच्या प्रामाणिकपणाला लाभलेली देणगी होती. वॉलरसच्या वेळीं ती देणगी लाभली नाहीं. प्रामाणिकपणा मात्र तोच होता.

पुढच्या काळांतहि हेंच पुनःपुन्हां दिसतें. सॅटर्न अग्निबाणाचे भाग इतके जाड होते कीं ते कोणत्याहि विमानांत मावत नसत; तेव्हां एक जुनें बोइंग विमान घेऊन त्याच्यावर पंचवीस फूट व्यासाचें पोट वाढविण्यांत आलें. १९६५ सालीं उडालेल्या ह्या 'सुपर गप्पी' विमानाला पाहून एखादा मासा सुजल्याचा भास होतो. पण चंद्राकडे झेंपावणाऱ्या त्या डौलदार अग्निबाणाचा तिसरा टप्पा कॅलिफोर्नियाहून फ्लोरिडास गेला तो ह्याच पोटांतून. आणि त्या अग्निबाणानें जें वाहन नेलें, जें १९६९ च्या जुलैच्या २० तारखेस चंद्रावर उतरलें, तें तर विद्रूपतेची परिसीमा म्हणावें असें: चार कोळ्यासारखे पाय, सोनेरी वर्खानें गुंडाळलेलें बुड, वर कोनाकोनांचें डोकें आणि त्यांत दोन लहान त्रिकोणी खिडक्या. प्रथम तेथें बसण्यास आसनें योजिलीं होतीं. तीं काढून प्रवाशांनीं उभेंच रहावें असें ठरलें, त्यामुळें ते खिडकीशीं जवळ आले, खिडक्या लहान करतां आल्या आणि पुष्कळ वजन वांचलें. जेथें हवाच नाहीं तेथें हवा कापणारी निमुळती आकृति कशाला? आपल्या डोळ्याला ती हवी होती, कारण आपला डोळा हवेंत वाढलेला. १९७० च्या एप्रिलमध्यें अपोलो १३ ह्या यानांत स्फोट झाला, तेव्हां दोघांसाठीं व सुमारें दोन दिवसांसाठीं केलेल्या ह्याच जातीच्या वाहनानें तिघांना सुमारें चार दिवस जगविलें आणि पृथ्वीजवळ आणून सोडलें.

आपल्या देशांतील एक उदाहरण ह्या मालिकेंत सहज बसतें. भारतीय हवाई दलांत १९५४ पासून 'पॅकेट' नांवाचें मालवाहू विमान होतें. दोन लांब दांड्यांना जोडलेली शेपटी आणि मध्यें एक चौकोनी पेटी, असा त्याचा थाट. हिमालयांतील विरळ हवेंत इंजिनांचा जोर अपुरा पडतो, म्हणून पुढें ह्यांतील कित्येक विमानांच्या पाठीवर आणखी एक जेट इंजिन बसविण्यांत आलें. पाठीवर गांठोडें घेतलेल्या हमालासारखें तें दिसे. ह्याच जातीचें विमान घेऊन स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे हे १९६२ च्या जुलैच्या २३ तारखेस लडाखमधील दौलत बेग ओल्डी येथें, सोळा हजार फुटांहून अधिक उंचीवर उतरले. येथेंहि पाठीवर इंजिन चढविण्यांत बेरीजच केली होती, हें खरें. पण टेबरची बेरीज जागा पाहून केलेली आणि ही गरज पाहून केलेली. म्हणजे बेरीज हाहि स्वतः दोष नव्हे. बेरजेमागें विचार आहे कीं नाहीं, एवढेंच पहावयाचें.

आतां एका धोक्याचा उल्लेख करणें अवश्य आहे. उपयोगाला शरण जाणारी कुरूपता क्षम्य, इतकें म्हणून थांबलें तर आपण एका चुकींतून निघून दुसरींत पडूं. जर्मनीचें स्टुका ह्या नांवानें कुप्रसिद्ध झालेलें विमान घ्या. त्याचे मोडलेल्या कोपरासारखे पंख हे चाकांचे खांब आंखूड व मजबूत रहावे ह्यासाठीं होते. त्या मर्यादेंत तेंहि आज्ञाधारकच. पण त्याच्या कांहीं विमानांवर वाऱ्यानें फिरणारा एक भोंगा बसविलेला असे. उड्डाणाला त्याचा लाभ नव्हता; उलट वेग कांहींसा घटे. त्याचें काम एवढेंच कीं, खालीं सूर मारतांना किंकाळी उठावी आणि जमिनीवरच्या माणसांची गाळण उडावी. हा भागहि आपल्या हेतूला पुरेपूर उतरला होता. मग त्याला उचित म्हणावयाचें काय? मला वाटतें, येथें प्रश्न आकृतीचा उरत नाहीं, हेतूचाच होतो. टीकाकारानें वस्तूला दोन प्रश्न विचारले पाहिजेत: तूं कशासाठीं आहेस, आणि जें तुझें काम तें करण्याजोगें आहे काय? पहिल्या प्रश्नाला फोग्ट ह्यांचें विमान उत्तम उत्तर देतें. दुसऱ्या प्रश्नापाशीं, तें ज्या राजवटीसाठीं केलें तिचें स्मरण होऊन, माझी स्तुति अडखळते. वॉलरस दोन्ही प्रश्नांना निर्भयपणें सामोरें जातें.

ही कसोटी परकी नाहीं. अकराव्या शतकांत काश्मीरच्या क्षेमेंद्रानें औचित्य हेंच काव्याचें जीवित मानलें, आणि गळ्यांत कमरपट्टा किंवा हातांत नूपुर घातल्यास लोक हंसतील असा दाखला दिला. अलंकार स्वतः सुंदर असून भागत नाहीं. तो आपल्या जागीं असला पाहिजे. कॅप्रोनींचे पंख त्यांच्या मूळ विमानावर शोभत होते. नवांच्या गर्दींत ते गळ्यांतला कमरपट्टा झाले. ह्या विचाराची दुसरी बाजू मात्र आपण क्वचितच बोलतों. जी वस्तु एकटी पाहतां हास्यास्पद, ती आपल्या जागीं अनिवार्य असूं शकते. वॉलरसचें मागें तोंड केलेलें इंजिन, चांद्रवाहनाचे पाय, पॅकेटच्या पाठीवरचें गांठोडें, हीं सर्व तशींच आहेत.

हें लिहीत असतां मला स्वतःचा एक निवाडा आठवतो आणि तो सुखद नाहीं. कित्येक वर्षांपूर्वीं एका निबंधस्पर्धेचा मी परीक्षक होतों. पहिलें बक्षीस मीं एका रेखीव निबंधाला दिलें. त्याची प्रस्तावना, विवेचन, समारोप सारें मापांत होतें. दुसरा एक निबंध होता तो एका मुलीनें आपल्या आजीच्या आजारपणावर लिहिलेला. त्याचा मधला भाग अवास्तव लांबलेला, शेवट अर्ध्यावर तुटलेला. मीं त्यावर 'रचना सदोष' असा शेरा मारून तो बाजूला ठेवला. आज त्या रेखीव निबंधांतील एक वाक्यहि मला आठवत नाहीं. दुसऱ्यांतील लांबलेली रात्र मात्र आठवते. आणि आतां कळतें कीं ती लांबली होती कारण ती रात्रच लांब होती, आणि शेवट तुटला होता कारण तो तेथेंच तुटला होता. त्या मुलीनें कामाला काय हवें तें विचारलें होतें. मीं विचारलें नाहीं.

म्हणून त्या विद्यार्थ्याला माझें उत्तर असें. प्रत्येक वांकडी वस्तु अष्टावक्र नसते. कित्येक नुसत्याच वांकड्या असतात, आणि त्यांच्यावर विसंबणाऱ्यांचे प्राण जातात, हें फार्नबरोच्या मैदानावर दिसून आलें. परंतु कोणती वस्तु कोणत्या जातीची, हें हंसण्यापूर्वीं विचारावयाचें असतें, मागाहून नव्हे. विमान दोनदां पहावें. पहिल्यानें डोळ्यानें पहावें, कारण तो आपल्या हातचा नाहीं; आणि दुसऱ्यानें, समुद्रांत पडलेल्या माणसाच्या जागीं स्वतःला कल्पून, खालून वर पहावें.